रोज पंधरा मिनिटं अभिजात वाचन : या चुका टाळा

पाच फुटी फळीवर मावतील एवढी पुस्तकं रोज पंधरा मिनिटं वाचली तरी माणसाचं चौफेर शिक्षण होतं, असं हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट म्हणत. 1909 पासून त्यांनी निवडलेली ग्रंथमाला निघाली, पुढे कोणत्या तारखेला काय वाचायचं याची पुस्तिकाही आली. आपल्याकडे असा संकल्प संक्रांतीला होतो आणि होळीपर्यंत मोडतो. दोष आळसाला देतात. खरं तर बहुतेकदा वाटणीच चुकलेली असते.

'रोज एक अध्याय' ठरवणं

ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत संपतो, अठरावा अठराशेच्या पुढे जातो. दोन्हींना एक दिवस कसा पुरणार? दासबोध या बाबतीत सोयीचा. समास दोनशे, ओव्या साधारण पावणेआठ हजार. म्हणजे समासाला सरासरी चाळीसेक. मोठ्याने वाचला तरी पंधरा मिनिटांत बसतो. ज्ञानेश्वरीला मात्र ओव्यांचाच हिशेब ठेवा आणि सुरुवात बाराव्यापासून करा. पहिल्यापासूनच केली पाहिजे असा काही दंडक नाही.

कोणतीही प्रत उचलणं

लीळाचरित्र आपल्या विदर्भातलं, म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केलेलं. लीळा, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणी, छोट्या, रोजच्या वाचनाला अगदी बेताच्या. पण मराठी तेराव्या शतकातलं, टिपांशिवाय दुसऱ्याच पानावर गाडी अडते. नागपुरात बर्डीवर जुनी पुस्तकं चाळताना शेवटची पानं शाबूत आहेत ना, ते आधी बघा. शब्दार्थ बहुधा तिथेच असतात आणि तीच पानं आधी निखळतात. सार्थ प्रत घेऊन नुसता अर्थ वाचत सुटणं ही दुसरी गफलत. आधी ओवी, तीही कानावर पडेल अशी. अडलं तरच खाली नजर टाका.

आपल्याच मोहल्ल्यात फिरणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. एलियटच्या फळीवर प्लेटो होता, डार्विन होता, अ‍ॅडम स्मिथ होता आणि भगवद्गीताही होती. आपल्या नागपुरात वाचणाऱ्यांचेही मोहल्ले पडलेत. दासबोधवाला 'गुलामगिरी' उघडत नाही, 'गुलामगिरी'वाला मेघदूताकडे फिरकत नाही. मग वाचन वाढतं, पण माणूस होता तिथेच राहतो. 1873 सालची 'गुलामगिरी' धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादात लिहिलेली आहे. घरात दोघांनी दोन भूमिका वाटून घेतल्या तर ती भराभर पुढे सरकते, आणि मध्येच भांडण लागलं तर उत्तमच. अर्पणपत्रिका गाळू नका. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना फुल्यांनी हे पुस्तक अर्पण केलंय. पुण्यातला माणूस तेव्हा केवढ्या लांबचं बघत होता! संवाद संपला की लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. तिथे पंधरा मिनिटांवर थांबणंच जड जातं.

ऋतू न बघणं

मे महिन्यात दुपारी कूलरसमोर वाचायला बसलात तर डोळा लागणारच. पहाट गाठा. मेघदूत आषाढासाठी राखून ठेवा. यक्षाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं संशोधक वा. वि. मिराशींनी साधार मांडलंय. काही अभ्यासक तो मान छत्तीसगडातल्या रामगढला देतात. रोज चार श्लोक घेतले तर पंधरा-सोळा दिवसांत मेघाचा मुक्काम, अलकानगरी, येते. शेजारी नकाशा ठेवा. नर्मदा, विदिशा, मग वाट वाकडी करून उज्जैन. मेघाचा रस्ता बोटाने दाखवता येतो.

बुडालेले दिवस भरून काढणं

लग्नसराईत चार दिवस गेले म्हणून रविवारी सोळा श्लोक उरकू नका. त्यातला एकही लक्षात राहत नाही आणि सोमवारी पुस्तक हातात घ्यावंसं वाटत नाही. मेघदूतासारखं सलग काव्य असेल तर थांबलात तिथून फक्त पुढचे चार घ्या. लीळा किंवा अभंग असतील तर बुडालेले सोडून द्या आणि आजचं पान उघडा.