मन शांत होण्यासाठी प्रार्थना कशी करावी आणि प्रार्थनास्थळी कसे जावे

मन अस्वस्थ असताना पहिल्यांदाच नेमाने प्रार्थनेला बसणाऱ्या माणसाला बहुधा उलटाच अनुभव येतो. डोळे मिटताच राहिलेली कामे, कुणाचे तरी जिव्हारी लागलेले बोलणे, उद्याची धास्ती असे सगळे एकदम वर येते आणि ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे म्हणून तो चार दिवसांत उठतो. त्याने उठू नये, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. दिवसभराच्या धावपळीत दबून राहिलेला गलबला बसल्यावर ऐकू येऊ लागतो, आणि तो ऐकू येणे हीच प्रार्थनेची खरी सुरुवात असते.

सर्वांत आधी वेळ ठरवावी. इस्लाममध्ये नमाजाच्या पाच वेळा आहेत, यहुदी परंपरेत दिवसातून तीन प्रार्थना आहेत, संध्या दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर केली जाते आणि ख्रिस्ती मठांमध्ये तर अहोरात्राची विभागणीच प्रार्थनेच्या प्रहरांनी होते. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या परंपरांनी वेळेचा हा आग्रह धरला, याचे कारण मला व्यवहारातले वाटते. वेळ ठरलेली असली की आज बसावे की नाही, या प्रश्नावर रोज नव्याने झगडावे लागत नाही, आणि अस्वस्थ मनाला नेमका तोच झगडा सर्वांत जड जातो. जैनांचे सामायिक, म्हणजे समभावाने शांत बसण्याची साधना, ४८ मिनिटांचे, म्हणजे दोन घटकांचे असते. परंतु नवख्याने एवढ्या मोठ्या मुदतीच्या मागे लागू नये. रोज दहा मिनिटे, तीच वेळ, तीच जागा आणि शक्यतो तेच आसन, एवढे पहिला महिनाभर पाळले तरी पुष्कळ झाले.

शब्द आणि श्वास

प्रार्थना स्वतःच्या शब्दांत करावी की पाठ असलेली म्हणावी, असे अनेक जण विचारतात. मन फार ढवळलेले असेल तेव्हा पाठ असलेलीच म्हणावी, असे मी आग्रहाने सांगेन. अशा वेळी स्वतःचे शब्द प्रार्थनेचे राहत नाहीत. दोन वाक्यांनंतर त्यांची तक्रार होते आणि चार वाक्यांनंतर कुणाशी तरी मनातल्या मनात भांडण सुरू होते. पाठ असलेल्या शब्दांना ही वाट माहीत नसते. लहानपणी कानावर पडलेले स्तोत्र, नाम, कुराणातील आयत किंवा भजनाची एखादी ओळ यांपैकी जे आपोआप ओठांवर येते तेच निवडावे. केवळ प्रभावी म्हणून ऐकलेले नवे काही शोधत बसू नये.

या म्हणण्याचा श्वासाशी थेट संबंध आहे. इटलीतील संशोधक लुचानो बर्नार्डी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना लॅटिनमधील मरियेची जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र म्हणायला सांगितले होते. दोन्ही प्रकारांत त्यांचा श्वास आपोआप संथ होऊन मिनिटाला सुमारे सहापर्यंत आला. एरवी स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. श्वास असा लांबला की हृदयाची गती आणि रक्तदाब यांचा मेळ अधिक चांगला राहतो, असेही त्यांना आढळले. म्हणून म्हणताना घाई करू नये. एक ओळ एका उच्छ्वासात सावकाश संपवावी, श्वास आपसूक आत येऊ द्यावा आणि मगच पुढची ओळ घ्यावी.

हाताला काम दिले तर मन लवकर स्थिरावते, आणि जपमाळ त्यासाठीच आहे. १०८ मण्यांची माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढावा; तर्जनी लावत नाहीत. मेरुमण्याशी, म्हणजे माळेच्या जोडावरच्या मण्याशी, पोहोचल्यावर तो ओलांडायचा नसतो, माळ फिरवून उलट निघायचे असते. मुस्लिमांच्या तसबीहमध्ये, म्हणजे जपमाळेत, ९९ किंवा ३३ मणी असतात, ख्रिस्ती जपमाळेत दहा-दहांचे पाच गट असतात. आकडे वेगळे असले तरी बोटांना जाणवणारी गोष्ट एकच असते. मणी आधी गार लागतो, मग बोटाच्या उबेने कोमट होतो, तोवर पुढचा गार मणी आलेला असतो. मन कुठे भरकटले हे पुष्कळदा बोटांनाच आधी कळते, कारण विचारांच्या नादात दोन-तीन मणी एकदम सरकून जातात. तसे झाले तर स्वतःला दोष न देता शेवटच्या आठवणाऱ्या मण्यापासून पुन्हा सुरू करावे.

पाठ म्हणून मन थोडे निवल्यावर स्वतःच्या शब्दांकडे यावे, आणि तेव्हा मोघम बोलू नये. ‘मला शांती दे’ या मागणीत मनाला धरायला काही सापडत नाही. ‘उद्या तपासणीचा अहवाल येणार आहे आणि मला त्याची भीती वाटते’, ‘भावाशी सहा महिने बोललो नाही आणि त्यात माझीही चूक आहे’, असे घटनेचे आणि माणसाचे नाव घेऊन सांगावे. सांगून झाल्यावर त्यातले माझ्या हातात काय आहे, हे स्वतःला विचारावे आणि जे सापडेल त्यातले एक लहानसे काम दुसऱ्या दिवसासाठी ठरवावे. उरलेले देवावर सोपवले, असे स्पष्ट शब्दांत म्हणावे. कृतज्ञताही अशीच नेमकी असावी. ‘सगळ्यासाठी आभार’ म्हणण्यापेक्षा आज दुपारी कुणी विचारपूस केली, त्या एका गोष्टीचे आभार मानावेत. सोळाव्या शतकात ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना दिवसातून दोनदा आपल्या दिवसाचा असा आढावा घ्यायला शिकवले होते. आपण रात्री एकदा घेतला तरी झोपेत फरक पडू शकतो.

जिथे जपायला हवे

प्रार्थनेला औषधाच्या जागी बसवू नये. २००६ मध्ये अमेरिकेतील सहा रुग्णालयांमधील १,८०२ बायपास रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी या रुग्णांसाठी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत घट झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे निश्चित माहीत असलेल्या गटात गुंतागुंत थोडी अधिक आढळली. याचा अर्थ आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नये, असा मी घेत नाही. त्याच्यासाठी हात जोडणाऱ्याचे मन त्याने मृदू होते आणि त्याच्याजवळ बसण्याचे बळ येते. मात्र त्या भरवशावर उपचार पुढे ढकलणे चुकीचे आहे. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, आणि तेही वाट न पाहता.

दुसरी गोष्ट अपराधाच्या भावनेची. देव मला शिक्षा करतो आहे, देवाने मला टाकले आहे, अशा विचारांत अडकलेल्या रुग्णांची स्थिती अधिक बिघडते, असे मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांच्या संशोधनात दिसून आले आहे. ज्या प्रार्थनेतून उठताना आपण रोज अधिक लहान आणि अधिक भ्यालेले होऊन उठतो, ती प्रार्थना बदलावी किंवा जाणत्या, मायाळू माणसाशी त्याबद्दल बोलावे. ठरावीक रक्कम भरली की शांती मिळेल असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

कोरडे दिवस येतातच. शब्द ओठांवर असतात आणि आत काहीच हलत नाही. अशा दिवशीही दहा मिनिटे बसावे आणि उठावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट वेळ बसण्याची गरज नाही.

प्रार्थनास्थळी जाताना

घरी हे सर्व होत असेल तर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा किंवा विहार येथे का जायचे? माझ्या मते, घरात प्रत्येक वस्तू आपल्याला काही ना काही काम सांगत असते आणि तिथे आपल्याकडे कुणाचेच काम नसते, हे एक कारण पुरेसे आहे. म्हणून गर्दीची वेळ टाळून, जमल्यास आठवड्यातील एकाच ठरलेल्या दिवशी जावे. शेवटचे थोडे अंतर चालत जावे आणि फोन आत शिरण्यापूर्वीच बंद करावा. पादत्राणे काढायची असतील तिथे ती वाकून, सावकाश काढावीत. पायाखालच्या फरशीचा गारवा जाणवेपर्यंत क्षणभर तिथेच उभे राहावे. दुसऱ्या धर्माच्या स्थळी जात असू तर तिथली रीत आधी विचारून घ्यावी. गुरुद्वारात आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, डोके झाकतात, तर चर्चमध्ये पुरुष टोपी काढतात; बुद्धमूर्तीकडे पाय पसरून बसत नाहीत.

आत गेल्यावर बहुतेक जण जी चूक करतात ती घाईची. नमस्कार केला, मागणे मागितले आणि पाच मिनिटांत बाहेर. बाहेरच्या लख्ख उन्हातून अंधाऱ्या गाभाऱ्यात आल्यावर डोळे पूर्ण सरावायला साधारण २० ते ३० मिनिटे लागतात. मनाला त्याहून कमी वेळ लागेल, अशी अपेक्षा का करावी? दर्शन किंवा प्रार्थना झाल्यावर एका कडेला, पाठीला आधार मिळेल असे बसावे आणि काहीही मागू नये. ख्रिस्ती धर्मातील क्वेकर पंथाचे लोक सतराव्या शतकापासून असे एकत्र, नि:शब्द बसत आले आहेत, आणि आतून बोलण्याची प्रेरणा आल्याशिवाय त्यांच्यापैकी कुणी बोलत नाही.

याचे मोल मला फार उशिरा कळले. आई रुग्णालयात असताना मी रोज दुपारी जवळच्या प्रार्थनास्थळी जात असे आणि रोज देवाशी सौदा करत असे: तिला बरे कर, मी हे सोडीन, ते करीन. दहा-अकरा दिवस असेच गेले. मग एका दुपारी इतका थकवा होता की मागायलाही शब्द सुचेनात, म्हणून भिंतीला टेकून नुसता बसलो. समोर एक वृद्ध बाई पितळी दिवे पुसत होत्या. एक दिवा उचलायचा, आतली काजळी बोटाला कापड गुंडाळून काढायची, कड फिरवून पुसायची, उजेडात धरून पाहायचा आणि जागच्या जागी ठेवायचा. मी ते पाहत राहिलो. सातव्या की आठव्या दिव्याला माझ्या लक्षात आले की माझा श्वास त्यांच्या हाताबरोबर चालला आहे आणि कितीतरी दिवसांत प्रथमच माझे खांदे खाली आले आहेत. आईच्या प्रकृतीत त्या दिवशी काहीही फरक पडला नव्हता. मात्र ज्या प्रश्नाला मी आठवडाभर घाबरत होतो, तो संध्याकाळी डॉक्टरांना विचारू शकलो आणि त्यांचे उत्तर पूर्ण ऐकूनही घेऊ शकलो.

म्हणूनच आपली प्रार्थना लागू पडते आहे का, हे तिथे बसल्या जागी तपासू नये. घरातल्यांना उत्तर देताना आवाज किती चढतो, रात्री तोच तो विचार किती वेळ घोळत राहतो, टाळलेले बोलणे बोलता येते का, याकडे महिनाभर लक्ष ठेवावे. बाहेर पडताना पादत्राणे घालेपर्यंत फोन चालू करू नये. चालू केल्यावर आलेले निरोप वाचण्याआधी, ज्याच्याशी बोलायचे बरेच दिवस राहून गेले आहे त्याला तिथूनच फोन लावावा.