आपले कृपादान आणि आपली विचारशैली: दोहोंचा मेळ कसा घालावा

बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की, कृपादाने, म्हणजे सेवेसाठी पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्या, नाना प्रकारची असली तरी ती देणारा आत्मा एकच आहे आणि ती सर्वांच्या हितासाठी दिलेली आहेत. मात्र दान मिळाले म्हणून माणसाची विचार करण्याची मूळ धाटणी पुसली जात नाही. त्यामुळे एकच दान दोघांमध्ये इतके निराळे दिसते की, मंडळी (चर्च) एकाची कदर करते आणि दुसऱ्याला दान नाहीच असे धरून चालते.

प्रथम दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आपल्या सेवेतून लोकांना काय मिळते: समज, धीर, मदत की दिशा? याचे उत्तर दानाकडे नेते, आणि ते स्वतः न ठरवता ज्यांची सेवा केली त्यांनाच विचारावे. दुसरा प्रश्न असा की, आपण तेथवर पोहोचतो कसे: मुद्दे मांडून, चित्र उभे करून, की माणसांशी बोलता बोलता? ही आपली विचारशैली.

मग एकच उतारा घेऊन पारख करावी. लूकच्या 15व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला (वाटणी उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाला बाप जवळ करतो ती गोष्ट) शिकवताना एक शिक्षिका धाकट्याची मागणी, बापाचा निर्णय आणि थोरल्याची तक्रार क्रमाने उलगडते. दुसरी मुलांना बापाच्या जागी उभे करून दूरवरून येणारा मुलगा पाहायला लावते. दोघींचेही दान शिक्षणाचेच आहे. मराठी मंडळीत याची मोठी उदाहरणे आहेत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक यांनी ख्रिस्त अभंगांतून आणि कीर्तनांतून पोहोचवला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले, आणि ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले गेले. रमाबाईंची चिकाटी टिळकांच्या कवितेपेक्षा कमी आत्मिक मानण्याचे काहीच कारण नाही.

यानंतर आपल्या शैलीची आंधळी बाजू शोधावी. ही पायरी सर्वांत अवघड आहे. पंफुल्या प्रांतात साथ सोडून गेलेल्या तरुण सहकारी मार्काला पुन्हा बरोबर न्यावे की नाही, यावरून प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15 मध्ये पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांची ताटातूट झाली. माझ्या वाचनाप्रमाणे पौल कामाच्या भरवशाचा विचार करत होता, तर बर्णबा त्या तरुणाचा. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलच मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे कळवतो. म्हणून चिकित्सक स्वभावाच्या पुढाऱ्याने निर्णयापूर्वी त्या माणसाची भेट घ्यावी, आणि मायाळू स्वभावाच्याने कामाचा हिशेब लिहून काढावा.

शेवटी, भिन्न शैलीचा सहकारी जवळ करावा. आरंभीच्या मंडळीतील उपदेशक अपुल्लोस वक्तृत्वसंपन्न आणि शास्त्रात पारंगत होता, तरी प्रिस्किल्ला व अक्विला या दांपत्याने त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावला. चारचौघांत त्याची चूक काढली नाही. पाळकांनीही शिक्षणाचे दान असलेल्या प्रत्येकाला व्यासपीठावरच उभे करू नये. जो प्रश्नोत्तरांतून शिकवतो त्याला घरगुती प्रार्थनासभेतील लहान गट द्यावा, आणि जो लिहून विचार करतो त्याच्याकडे संडे स्कूलचे पाठ तयार करण्याचे काम सोपवावे.