जर्मनीला जाताय? आधी घरच्यांची तयारी करा

कंपनी ट्रेनिंग देते ती नोकरीवाल्याला, मीटिंगला वेळेवर या वगैरे, पण तो सकाळी उठून ऑफिसला जातो आणि तिथे इंग्लिशवर भागतं, खरी परीक्षा घरात राहणाऱ्याची. मी तीच होते, म्हणून सांगते.

व्हिसाची फाईल सुरू झाली की दोघांनीही ए-वनला, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीच्या क्लासला, नाव घाला, पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहेच. ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा परवाना) जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनचं सर्टिफिकेट लागत नाही म्हणून सगळे टाळतात, आम्हीपण टाळलं, आणि मग पोस्टाने आलेलं प्रत्येक पत्र भाषांतरासाठी मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बसायचं. आणि पत्रं येतात हो, ढिगाने!

घर बघताना किचन आहे का ते विचारा. हसू नका, तिकडे भाड्याचे बरेच फ्लॅट ओटा, सिंक काही नसलेले मिळतात, भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेले. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो आणि टॅक्स नंबर त्या नोंदणीनंतरच येतो. कंपनी सुरुवातीला तात्पुरतं घर देणार असेल तर तिथे हा कागद मिळेल का, हे एचआरकडून निघायच्या आधीच मेलवर लिहून घ्या. तोंडी "हो हो मिळेल" वर जाऊ नका, आम्ही गेलो होतो.

मुलांची लसीची फाईल हँडबॅगेत ठेवा. २०२० पासून तिथे शाळेत, पाळणाघरात गोवराच्या लसीचा पुरावा मागतात, दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला दोन डोस, तारखा आणि डॉक्टरचा शिक्का नीट वाचता आला पाहिजे. आणि इथलीच शाळा ऑनलाइन चालू ठेवू हा विचार सोडा, मुलाला तिथल्या शाळेत घालावंच लागतं.

बॅगेत गोडा मसाला, कुकरच्या जास्तीच्या रिंगा. तूप, पेढे नकोत, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपात बंदी आहे. तिथलं बिनमिठाचं बटर कढवा, झकास तूप होतं.

रविवारी दुकानं बंद, भाजी शनिवारीच. आणि ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, साडेतीनचा फरक साडेचार तासांचा होतो, हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती जेवायची थांबून फोनची वाट बघत बसते.