आजीच्या लुगड्याचं पान

फोटोंच्या वहीसाठी छापील डिझाइनचे कागद विकत आणण्याआधी घरातलं कपाट उघडा. आजीचं इरकली लुगडं थेट स्कॅनरवर ठेवता येतं. आधी इस्त्री मात्र हवीच, कारण चुणी पानावर डागासारखी उमटते. काठ काचेला समांतर लावा. कापड विरळ असेल तर मागे त्याच रंगाच्या जवळचा कागद ठेवा, नाहीतर झाकणाचा पांढरेपणा आरपार दिसतो. आहे त्याच आकारात छापायचं तर स्कॅन ३०० डीपीआय (दर इंचाला टिपके) पुरतं; दुप्पट मोठं करायचं असेल तर ६०० ठेवा.

खरं काम पुढे आहे. चित्र फोटो एडिटरमध्ये चांगलं फिकट करा, मूळ रंगाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. गडद पानावर माणसांचे चेहरे हरवतात, आणि पान शेवटी त्यांच्यासाठीच असतं. जरीची चमक स्कॅनमध्ये येत नाही, ती पिवळट-तपकिरी दिसते. म्हणून मला सुती काठच जास्त आवडतात.

छपाईला मॅट, म्हणजे बिनचमकीचा, जरा जाड कागद घ्या. तुमचा प्रिंटर किती जीएसएमपर्यंत (कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद ओढतो ते आधी बघा. इंकजेटची शाई ओल्या डिंकाने पसरते, तेव्हा फोटो दुहेरी चिकटपट्टीनेच लावा.

आजीच्या हातची पाककृतीची चिठ्ठी असेल तर तीही अशीच स्कॅन करा.