होमिंग शिकताना: पाच मिलिमीटरचा घोळ

डिप्लोमा करून साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात लागलो, तेव्हा मोशन कंट्रोल, म्हणजे मोटरने मशीनचे भाग नेमके हलवणं, हे नुसतं प्रोग्रॅमिंग अशीच माझी समजूत होती. पहिला महिना तारा तपासण्यातच गेला. आता नवीन मुलं-मुली आली की मी त्यांच्या हातात आधी मल्टीमीटर देतो.

साधा इन्क्रिमेंटल एन्कोडर (मोटरचं फिरणं मोजणारा सेन्सर) किती सरकलो तेवढंच मोजतो. वीज गेली की कुठे होतो ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून मशीन सुरू केल्यावर अक्ष (मशीनचा सरकणारा भाग) एका ठरलेल्या खुणेपर्यंत नेऊन तिथे शून्य धरायचं. हेच होमिंग. लिमिट स्विचचं काम वेगळं: टोक आलं, आता पुढे जाऊ नकोस.

लिमिट नेहमी एनसी (एरवी जोडलेला, टोक आलं की उघडणारा संपर्क) जोडा. एनओ (उलटा, एरवी उघडा) असेल आणि केबल ड्रॅगचेनमध्ये (केबल सांभाळणारी हलती साखळी) तुटली, तर कंट्रोलरला सगळं ठीकच दिसतं आणि अक्षाची गाडी थेट टोकावर आदळते. एनसीमध्ये तार तुटली की मशीन जागेवर थांबतं. थोडा वेळ वाया जातो, पण बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारा स्क्रू) वाचतो.

होम आणि लिमिटसाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मी एकदा घाईत एनपीएन प्रॉक्सी (धातू जवळ आला की ओळखणारे सेन्सर) आणले. आमच्या कंट्रोलरच्या इनपुट कार्डाला पीएनपी हवे होते. सेन्सरचा दिवा छान लागायचा, पण इनपुट काही येईना. तपकिरी तार २४ व्होल्ट, निळी शून्य, काळी आउटपुट. पीएनपीची काळी तार २४ व्होल्ट देते, एनपीएनची शून्याकडे खेचते. सेन्सरवरचा दिवा पाहून समाधान मानू नका, कंट्रोलरच्या स्क्रीनवर त्या इनपुटचा बिट (० किंवा १) बदलतो का ते पाहा.

ज्यानं मला खरं शिकवलं ते पाच मिलिमीटरचं प्रकरण. प्लेटला भोकं पाडणारं मशीन होतं. एखाद्या सकाळी सगळी भोकं बरोबर ५ मिलिमीटर सरकलेली असायची. बंद करून पुन्हा होम केलं की ठीक. मी कपलिंग (मोटर आणि स्क्रूमधला जोड) बदललं, एन्कोडरची केबल बदलली, अर्थिंग तपासलं. दोन दिवस गेले. शेवटी फिटरकाकांनी विचारलं, ‘‘अरे, स्क्रूची लीड किती?’’ लीड, म्हणजे स्क्रूच्या एका फेरीत अक्ष सरकतो ते अंतर, ५ मिलिमीटर; मोटर थेट जोडलेली. तिथेच डोक्यात प्रकाश पडला.

आमचं होमिंग असं होतं: अक्ष वेगाने होम स्विचवर जातो, मागे येतो, पुन्हा हळू जाऊन स्विचची कड पकडतो आणि त्यानंतर एन्कोडरकडून येणाऱ्या पहिल्या इंडेक्स पल्सवर शून्य धरतो. हा पल्स मोटरच्या एका फेरीत एकदाच येतो. प्रॉक्सीची कड तापमानाने, धुळीने किंचित मागेपुढे होते. एरवी त्याने बिघडत नाही. पण आमच्याकडे कड आणि पल्स जवळजवळ एकाच ठिकाणी आले होते. कड जराशी उशिरा आली की तो पल्स हुकायचा, कंट्रोलर पुढचा धरायचा आणि अख्खी एक फेरी चुकायची. डॉग (होम प्रॉक्सीसमोर येणारा धातूचा तुकडा) २.५ मिलिमीटर सरकवला, म्हणजे अर्धी फेरी, आणि प्रश्न मिटला. डॉग हलवल्यावर होम ऑफसेट (होमच्या खुणेपासून कामाच्या शून्यापर्यंतचं अंतर) मात्र पुन्हा तपासावाच लागतो, कारण पकडला जाणारा पल्स बदलू शकतो.

म्हणून होम एका पूर्ण लीडने सरकत असेल तर आधी इथे बघा. चूक दर वेळी कमी-जास्त असेल, तर कपलिंग घसरतंय का ते शोधा.

लिमिटच्या जागेबद्दल थोडं गणित. अक्ष सेकंदाला ५०० मिलिमीटर धावत असेल आणि ब्रेकिंग २५०० मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर थांबायलाच ५० मिलिमीटर लागतात. त्यात इनपुट फिल्टर (क्षणिक गडबड गाळायला कंट्रोलर थांबतो तो वेळ) १० मिलिसेकंदांचा असेल तर आणखी ५. लिमिट आणि यांत्रिक टोक यांत त्याहून जास्त जागा हवी.

मोटर हलवण्यापूर्वी ड्राइव्हची पॉवर बंद ठेवून प्रत्येक प्रॉक्सीसमोर स्क्रूड्रायव्हर धरा. प्लसच्या टोकाचा सेन्सर स्क्रीनवर प्लस लिमिटच बदलतो ना, हे डोळ्यांनी बघा. अदलाबदल झाली असेल तर प्लसकडे धावणाऱ्या अक्षाला मायनसची मनाई मिळते आणि तो थांबत नाही. सॉफ्ट लिमिटवर (प्रोग्रॅममध्ये घातलेली हद्द) भरवसा होमिंग झाल्यावरच, त्याआधी जॉग (बटण दाबून अक्ष सरकवणं) अगदी हळू आणि एक हात इमर्जन्सी स्टॉपवर.

कड ते पल्स हे अंतर मी आता प्रत्येक मशीनच्या पॅनलच्या दाराला आतून मार्करने लिहून ठेवतो. भोकं पाडणाऱ्या त्या मशीनवर अजून लिहिलेलं आहे: एक्स, २.४.