व्हायरल तापात रक्ताचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

ताप-खोकल्याचा पेशंट फाईल पुढे करतो, तेव्हा मी ती लगेच उघडत नाही. ताप कोणत्या दिवशी आला, आजवर कोणत्या गोळ्या खाल्ल्या, चालताना दम लागतो का, हे आधी विचारतो. नवे डॉक्टर मात्र थेट ठळक छापलेल्या आकड्यावर बोट ठेवतात.

एप्रिल 2021, कोविडची दुसरी लाट. केज तालुक्यातले एक शेतकरी आले, तापाचा पाचवा दिवस. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल 88 टक्के, लिम्फोसाइट 8, म्हणजे दोघांचं गुणोत्तर 11. ते वाढलं की आजार गंभीर होण्याची खूण मानतात. घरचे हादरलेले. मुलगा म्हणाला, "साहेब, गाडी उभीच हाय. लातूरला न्यावं का?" ऑक्सिजन मोजला, 97. व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं, तरी 96. दम नाही, भूक शाबूत. मग गोळ्यांचं विचारलं. मुलानं खिशातून चुरगळलेली पट्टी काढली, सहा घरं रिकामी. स्टेरॉइड! गावातल्या मेडिकलवरून 'ताप लवकर उतरतो' म्हणून तीन दिवस चाललेलं.

स्टेरॉइडनं रक्तातले न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) जवळपास नाहीसे होतात. या पेशंटचे शून्यच होते. शिवाय एकूण पांढऱ्या पेशी 14,000. त्याचे 8 टक्के म्हणजे 1,120 लिम्फोसाइट, हजाराच्या वरच. टक्के वाचून घाबरायचं नसतं, गुणाकार करायचा असतो. गोळ्या थांबवल्या, दिवसातून तीनदा ऑक्सिजन लिहून ठेवायला सांगितलं. चौथ्या दिवशी गुणोत्तर 3 च्या आत होतं.

या शॉर्टकटचा मला मनापासून राग येतो. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं कोविडचे मृत्यू कमी होतात, हे 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं, पण ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटमध्ये. ज्यांना तो लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही.

दुसरी चूक घाईची. सकाळी ताप आला, दुपारी सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी. तो वाढायलाच काही तास लागतात, आणि कोविडमध्ये तब्येत बिघडायची ती बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर. पहिल्या दिवशीच्या नॉर्मल रिपोर्टवर 'काही नाही, जा घरी' म्हणू नका. मी रिपोर्टच्या डोक्यावर पेनानं तापाचा दिवस लिहितो आणि गरज पडली तर 48 तासांनी त्याच लॅबमधून पुन्हा करतो.

लॅब बदलली तर एकक बघा. सीआरपी एकीकडे लिटरमागे, दुसरीकडे डेसिलिटरमागे. दहा पटीचा फरक. डी-डायमर, म्हणजे रक्ताच्या गुठळ्यांचा अंदाज देणारी तपासणी, तर एफईयू आणि डीडीयू अशा दोन एककांत येते; एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो.

वय, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांनीही डी-डायमर वाढतो.

आणि सॅम्पल. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीतून तालुक्याहून बीडला गेलेल्या ट्यूबमधला एलडीएच (पेशींच्या आत असणारं एक एन्झाइम) मी मानत नाही. पेशी फुटल्या की तो उगाच चढतो. ट्यूब मशीनमध्ये फिरवल्यावर वरचं पाणी गुलाबी दिसलं, की रक्त पुन्हा घ्यायला लावतो. डी-डायमरसाठीची निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलेली नसेल, तर तीही परत.