सिगारेट-बिडी कशी सोडावी: टपरीवर उभं राहणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात सिगारेट बहुतेक जण ईर्षेवर सोडतात. तालमीत कुणीतरी डिवचतं, घरात मुलगी नाक दाबून बाजूला होते, नाहीतर ओळखीतल्या कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक येतो, आणि त्याच संध्याकाळी "बास, आजपासून बंद" असं जाहीर होतं. दोन दिवस निघतात. तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात आला की दुसरा हात आपोआप टपरीवाल्यापुढे जातो. मी अशी तीन वेळा सोडली आणि तिन्ही वेळा चहापाशीच हरलो. चौथ्यांदा टिकली, कारण त्या वेळी ईर्षेच्या जोडीला तयारी होती. ती कशी करायची ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: आपल्या वयाचा हिशेब मांडा

"शेवटची दोन-चार वर्षं कमी होतील, ती तशीही अंथरुणातच जाणार" हे मी वीस वर्षं ऐकलं आणि स्वतःही बोललो. हिशेब तसा नाही. ब्रिटनमध्ये १९५१ साली तिथल्या डॉक्टरांच्याच सवयींची नोंद घ्यायला सुरुवात झाली. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ५० वर्षं चालू ठेवली आणि २००४ साली निष्कर्ष मांडला: आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी १० वर्षं आधी जातो. ही वर्षं अंथरुणातली नसतात. हृदयविकार, पक्षाघात, कॅन्सर, दम हे सगळे आजारही लवकरच गाठतात, म्हणजे जातात ती हिंडण्याफिरण्याची वर्षं.

त्याच अभ्यासातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडली तर गमावलेली जवळजवळ सगळी १० वर्षं परत मिळतात. चाळिसाव्या वर्षी सोडली तर ९, पन्नासाव्या वर्षी ६ आणि साठाव्या वर्षी सोडली तरी ३. आपलं वय यात कुठे बसतं ते बघा आणि आकडा कागदावर लिहा. हा कागद पुढे लागणार आहे.

बिडीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या भागात बिडी हलकी समजतात. निपाणी इथून तासाभरावर. या पट्ट्यातल्या किती घरांत तंबाखूवर चूल पेटली, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकरी दरासाठी रस्त्यावर कसे बसले, हे इथल्या जुन्या माणसांना आठवतं. त्या कष्टांबद्दल मनात आदर ठेवूनच सांगतो, बिडी हलकी नाही. तिच्यात तंबाखू सिगारेटच्या साधारण पाव पटच असतो. पण तेंदूच्या पानातून हवा जात नाही आणि बिडी विझत राहते, म्हणून ती जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. तो धूर खोलवर जातो. भारतातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषांची सुमारे ६ वर्षं जातात, बायकांची ८ आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची १०. क्षयाने मरण्याचा धोका ओढणाऱ्या पुरुषांत दुपटीहून जास्त दिसला. ६ हा आकडा १० पेक्षा लहान आहे म्हणून बिडी बरी, असं म्हणणाऱ्याने नातवाचं वय सहाने पुढे मोजून बघावं.

"मी दिवसाला एकच ओढतो" म्हणणाऱ्यांसाठीही एक आकडा आहे. दिवसाला वीस ओढणाऱ्याच्या हृदयाला जो जादा धोका असतो, त्यातला जवळजवळ निम्मा धोका एका सिगारेटमध्येच येतो. रक्त चिकट होणं, रक्तवाहिनीचं अस्तर खराब होणं याला थोडा धूरही पुरतो. त्यामुळे "कमी करतो" हे ध्येय धरू नका. ध्येय शून्याचंच.

दुसरी पायरी: आठवडाभर चिठ्ठी ठेवा

सोडायच्या आधी सात दिवस, प्रत्येक सिगारेट पेटवताना खिशातल्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: वेळ, सोबत कोण, हातात काय. बाकी काहीच बदलू नका.

माझ्या चिठ्ठीत अकरापैकी सात चहाबरोबरच्या होत्या. दोन जेवणानंतर, एक सकाळी संडासला जाण्याआधी आणि एक मॅच सुटल्यावर शाहू स्टेडियमच्या बाहेर. मला वाटायचं मी टेन्शनमुळे ओढतो. टेन्शनची चिठ्ठीत एकही नव्हती! तुमची चिठ्ठी वेगळं सांगेल. पण ती सांगेल त्यावरच पुढचं सगळं ठरवायचं आहे, म्हणून हा आठवडा गाळू नका.

एक नोंद जास्त महत्त्वाची: उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीराची निकोटिनची सवय घट्ट आहे आणि नुसत्या निर्धारावर विसंबणं चूक आहे.

तिसरी पायरी: तारीख धरा

एक ते दोन आठवड्यांच्या आतली. त्या आठवड्यात गावची यात्रा, मित्राच्या भावाचं लग्न किंवा फुटबॉलची फायनल नको. ठरलेल्या दिवशी एकदम बंद. रोज एक-एक कमी करण्यापेक्षा एकदम बंद करणाऱ्यांना जास्त यश येतं. आदल्या रात्री घरातली पाकिटं, लायटर, ॲश-ट्रे, गाडीच्या डिकीतली राखीव बिडी, सगळं बाहेर. दारूबरोबर ओढत असाल तर पहिला महिना दारूलाही सुट्टी द्या.

चौथी पायरी: औषधाला लाजू नका

इथे आपली ईर्षा आडवी येते. "गोळी-गमच्या आधाराने सोडली तर काय सोडली?" असं कट्ट्यावर बोललं जातं. यामुळेच माझे पहिले तीन प्रयत्न वाया गेले, असं माझं ठाम मत आहे. कुठल्याही आधाराशिवाय सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात फार थोडे असतात. निकोटिनच्या गमने किंवा पट्टीने ती शक्यता साधारण दीडपट होते. माणसाला अडकवतं ते निकोटिन, पण मारतो तो मुख्यतः धूर. त्यातला डांबरी चिकटा, कार्बन मोनॉक्साइड आणि कॅन्सर आणणारी डझनावारी रसायनं. गममध्ये यातलं काहीच नसतं.

गम मेडिकलमध्ये मिळतो, २ आणि ४ मिलिग्रॅमचा. उठल्यावर अर्ध्या तासात ओढणाऱ्यांना ४ चा लागू पडतो. पण तो च्युइंगगमसारखा सलग चघळायचा नाही. हळूहळू चावा, तोंडात तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा चावा. अर्धा तास असं करा. भरभर चावला तर निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि माणूस म्हणतो "गम सोसला नाही".

गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी काही घेऊ नका. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलं जात नाही. इथे बरेच जण चहाच्या घोटाबरोबर गम चावतात, आणि मग तो कामच करत नाही.

गरोदर असाल, नुकताच अटॅक येऊन गेला असेल किंवा दम्याच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. धूर बंद झाला की काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, डोस बदलावा लागतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिनसारखी औषधंही आहेत. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत याबद्दल विचारायला काहीच हरकत नाही. घरबसल्या बोलायचं असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

पाचवी पायरी: टपरीची वेळ नव्याने बसवा

चहा आणि सिगारेट या दोन सवयी एकमेकींना बांधलेल्या असतात. गाठ सोडवायची म्हणजे चहाची जागा, वेळ आणि हात, तिन्ही बदलायचे.

जागा: पहिले तीन आठवडे ती टपरी नको. उद्यमनगरात असाल किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत, दुसरा चहावाला शोधा, जिथे बाकीचे ओढत नाहीत. संध्याकाळी कट्ट्यावर जायचं तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. तिथे हातात ग्लास असतो आणि सोबतीला धूर नसतो. मी महिनाभर हेच केलं.

हात: ज्या हाताने सिगारेट धरायचात त्याच हातात कप धरा. साधी गोष्ट आहे, पण दोन्ही हात नकळत जागच्या जागी अडतात.

प्रमाण: चहा थोडा कमी करा. धुरातल्या काही घटकांमुळे ओढणाऱ्याचं यकृत कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो, धडधडतं, झोप लागत नाही, आणि आपण समजतो सिगारेटविना जीव तडफडतोय. पाच कप होत असतील तर तीनवर या.

मित्रांना आधीच सांगा, आणि नेमकं सांगा. "सोडतोय" एवढं पुरत नाही. मी म्हणालो होतो, "भावा, मी मागितली तरी देऊ नगंस. शिव्या दिल्या तरी देऊ नगंस." एक जण खरंच जागला त्या शब्दाला, आणि त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीला बंदी आहे. तरी समोर सुटी आली, तर अख्खं पाकीट विकत घेण्याची आपली तयारी नव्हती हे आठवा.

सहावी पायरी: पहिले तीन दिवस, मग तीन आठवडे

चिडचिड, डोकं जड होणं, भूक, झोपमोड हे सगळं पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तलफेची एक लाट साधारण पाच मिनिटांची. तेवढा वेळ काढायचा: पेलाभर पाणी, दहा लांब श्वास, तोंडात लवंग किंवा बडीशेप, किंवा उठून चालू लागणं. पहिल्या पायरीतल्या कागदाची घडी इथे उघडायची, वयासमोरचा आकडा वाचायचा.

काहींना सोडल्यावर खोकला वाढतो. घाबरू नका, श्वासनलिका स्वतःला साफ करायला लागलेली असते. पण थुंकीत रक्त दिसलं किंवा खोकला महिन्यानेही हटला नाही, तर लगेच छातीच्या डॉक्टरांकडे जा. वजन चार-पाच किलो वाढू शकतं. गूळ-शेंगदाण्यावर हात जरा आवरा आणि रंकाळ्यावर चालायला लागा.

आत काय घडतं तेही माहीत असू द्या. दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. एक-दोन वर्षांत अटॅकचा धोका झपाट्याने खाली येतो. दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ निम्मा होतो. मात्र फुफ्फुसाचा जो भाग झिजला तो परत येत नाही. फक्त झीज वयाप्रमाणे संथ होते.

मळायला लागू नका

हे कळकळीने सांगतो. सिगारेट सोडून तंबाखू मळणारे, मावा खाणारे मी आजूबाजूला फार पाहिलेत, आणि घरी मिश्री लावणाऱ्या मावश्याही. सिगारेटऐवजी तंबाखू गालात ठेवला की तोंडाच्या कॅन्सरची वाट मोकळी होते. जबडा उघडेनासा झालेला माणूस एकदा पाहिला की हे वेगळं सांगावं लागत नाही.

घसरलात तर

बहुतेकांना एकाहून जास्त प्रयत्न लागतात. एक ओढली म्हणून "आता गेलंच सगळं" म्हणत उरलेलं पाकीट संपवू नका. ते तिथेच पाण्यात भिजवून टाका. चिठ्ठी काढा, वेळ आणि सोबत लिहा, आणि नेमकी तीच वेळ पुढच्या आठवड्यात वेगळी घालवा. नवा सोमवार शोधू नका, पुढच्या चहापासूनच बंद ठेवा. गम लवकर थांबवला असेल तर पुन्हा सुरू करा. तो दोन-तीन महिने घ्यायचा असतो, आणि घसरणारे बहुतेक पहिल्या पंधरा दिवसांतच थांबवतात.

माझे वडील लेथवर काम करायचे, रोज बिडीचं एक बंडल. ५८ व्या वर्षी जिना चढताना तीनदा थांबायला लागले तेव्हा सोडली. दम पूर्ण परत आला नाही, तो येणारही नव्हता. पण पुढची तेरा वर्षं कपिलतीर्थ मार्केटमधून भाजीची पिशवी ते स्वतः आणायचे, आणि जिन्यात एकदाच थांबायचे.